कुळथावर आळ

मागच्या ऑक्टोबरात बेंगळुरूत येलहंक्याच्या पलीकडे एका रायडिंग क्लबाच्या आवारात आम्ही दहाबारा घोडेवाले जमलो होतो. पाऊस नुकताच थांबलेला, चिखल अजून ओला, आणि प्रत्येकाची तक्रार एकच: घोडं अंग घासून घासून आयाळ उडवतंय. बोलायला उभे राहिले ते काका मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात घोड्यांत गेलेली. आमच्यातल्या निम्म्या लोकांना रिकिबीत पाय टाकायला त्यांनीच शिकवलं, मलाही. त्यांनी निदान एका वाक्यात केलं: “चंदी उष्ण पडली.” चंदी म्हणजे घोड्याचा रोजचा दाणा.

औषधही तिथल्या तिथे सांगून टाकलं. कुळीथ बंद. हरभरा बंद. ओट निम्मे करा, गव्हाचा कोंडा भिजवून घाला, वर कोरफडीचा गर आणि मूठभर सब्जा. संध्याकाळी लसणाच्या पाच पाकळ्या, म्हणजे माश्या जवळ येत नाहीत. “महिन्याभरात कातडी काचेसारखी होते की नाही बघा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे उभा असलेला साईसही पुटपुटला, “हां साब, गर्मीच है.” मी गप्प बसले. काका वयाने मोठे, आणि चारचौघांत त्यांना अडवण्याचं धाडस मला झालं नाही. लेखात ते जमतं, म्हणून हा लेख.

काका, तुमच्या अनुभवावर माझा अविश्वास नाही. कुळीथ बंद केला आणि महिन्याभरात घोडा बरा झाला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मीही पाहिलं आहे. माझी मैना रेसमधून निवृत्त झालेली तांबडी घोडी. ती माझ्याकडे आली त्या वर्षी सप्टेंबरात तिने शेपटीचा बुंधा दाराच्या चौकटीवर असा घासला, की शेपटीची केरसुणी झाली. तुमचाच सल्ला ऐकून मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुळीथ थांबवला. डिसेंबर संपेपर्यंत जखमा सुकल्या, जानेवारीत नवे केस फुटले. मी चार जणांना फोन करून सांगितलं, उष्णताच होती म्हणून. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा केरसुणी. आणि दहा महिने कुळथाचा एक दाणाही तिच्या पोटात गेला नव्हता.

तेव्हा मी कॅलेंडर उघडलं. बेंगळुरूत पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वाधिक असतो. मे महिन्यातले वळीव वेगळेच. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, सकाळी गारठा. खाज वाढते ती पावसाबरोबर आणि घोडेवाला वैतागून उपाय करतो तो खाज कळसाला पोचल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यानंतर महिन्याभरात हवा आपोआप कोरडी होते. त्या वेळी कुळीथ बंद करा, कोरफड द्या, नाही तर तबेल्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधा, डिसेंबरात घोडा बराच होणार. काकांचा उपाय दर वर्षी लागू पडतो तो याच कारणाने. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, असं आपण म्हणतो. इथे तर फांदी दर वर्षी ठरल्या महिन्यातच तुटते.

मग खाज येते कुठून? घोड्याकडेच बघितलं तर तो सांगतो. आयाळीचं मूळ, शेपटीचा बुंधा, कान, पोटाखालची मधली रेघ, क्वचित तोंडाची बाजू. चंदी उष्ण पडून रक्तच बिघडलं असेल तर ती उष्णता आयाळ आणि शेपूट गाठून मधली सगळी पाठ सोडून का देते? आणि खाज वाढते ती सूर्य मावळतीला गेल्यावर आणि पुन्हा पहाटे. दुपारी बाराला मैना शांत उभी असते. पोटातल्या कुळथाला घड्याळ कळत नाही. मुरकुटांना कळतं.

मुरकूट म्हणजे पावसाळ्यात संध्याकाळी डोळ्यांपुढे नाचणारं, धड दिसत नाही आणि चावल्याशिवाय राहत नाही असं चिलटाएवढं पाखरू. लांबी एक ते तीन मिलिमीटर. शास्त्रज्ञ त्याला क्युलिकॉइडीज म्हणतात. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. चावताना तिची लाळ घोड्याच्या कातडीत जाते आणि काही घोड्यांचं शरीर त्या लाळेतल्या प्रथिनांशी शत्रूसारखं वागू लागतं. दाह होतो तो या भांडणाचा. इंग्लंडातले घोडेवाले याला स्वीट इच म्हणतात, ऑस्ट्रेलियात तो क्वीन्सलँड इच म्हणून ओळखला जातो. रीक नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात तिथे याचा माग काढत मुरकुटांकडे बोट दाखवलं. म्हणजे हा शोध सत्तर वर्षांचा म्हातारा आहे. तो आमच्या बैठकीपर्यंत पोचला नाही, इतकंच.

यावर काका म्हणतील, मुरकुटं तर सगळ्याच घोड्यांना चावतात, मग खाज एकालाच का? त्याचंच रक्त तापलेलं असणार. प्रश्न चांगला आहे. पण तो उलटा फिरवून बघा. आमच्या तबेल्यात नऊ घोडे एकाच पोत्यातली चंदी, एकाच गाडीतून आलेलं गवत खातात. खाजवतात दोन. चंदी दोषी असेल तर बाकी सात कसे सुटले? या दोघांत आणि त्या सातांत जो फरक आहे तो गव्हाणीत नाही, त्यांच्या शरीराच्या स्वभावात आहे. काही घराण्यांत हा स्वभाव जास्त उतरतो.

या वादाचा निकाल लावणारा एक प्रयोग कुणी मुद्दाम न करता घडून गेला आहे, आणि तो मला फार आवडतो. आइसलँडमध्ये घोड्यांना चावणारी ही मुरकुटं नव्हती. तिथला घोडा शतकानुशतकं त्यांच्याविना वाढला. तोच घोडा जहाजाने वा विमानाने युरोपच्या मुख्य भूमीवर नेला, की दोन-चार वर्षांत त्यातले पुष्कळ घोडे खाजेने हैराण होतात. काही भागांत निम्म्याहून अधिक. (एकदा देशाबाहेर गेलेला घोडा परत आणायला आइसलँडच्या कायद्याने बंदी आहे. बिचारे खाजवत तिकडेच राहतात.) आता इथे काका लगेच म्हणतील, “बघा, गवत बदललं, पाणी बदललं!” थांबा. याच जातीचं जे शिंगरू मुख्य भूमीवरच जन्मतं, त्याच कुरणात चरतं, तेच पाणी पितं, त्याला हा त्रास कितीतरी कमी होतो. जात एक, चारा एक. फरक एवढाच, की एकाची मुरकुटांशी ओळख आईच्या पोटाशी उभं असताना झाली आणि दुसऱ्याची थोराड वयात. ही गोष्ट आहाराच्या कुठल्याही सिद्धांतात बसवून दाखवावी.

आपल्या घराजवळचाही एक दाखला देते. पावसाळ्यानंतर मेंढ्यांना येणारा निळ्या जिभेचा रोग कर्नाटकातले आणि महाराष्ट्रातले मेंढपाळ चांगला ओळखतात. तो पसरवतात ती हीच मुरकुटं. आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाची घोड्यांची साथ १९६० मध्ये भारतात शिरली, ती पसरवणारीही हीच. तिथे कुणी मेंढीच्या चाऱ्याला किंवा घोड्याच्या चंदीला दोष दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. प्राणी मेला की आपण डासमाशी शोधतो आणि नुसता खाजवत राहिला की त्याच्या ताटात डोकावतो.

आता कुळथाबद्दल. मी कोकणातली आहे, त्यामुळे इथे माझा तोल जाण्याची शक्यता आहे हे आधीच कबूल करते.

कन्नडमध्ये याला हुरळी म्हणतात आणि इंग्रजीत हॉर्स ग्रॅम, म्हणजे नावातच घोडा आहे. मद्रास इलाख्यात साहेब लोक नुसतं ‘ग्रॅम’ म्हणाले तर ते कुळीथच समजायचं, हरभरा नव्हे. १८०९ मध्ये बेंगळुरूला छावणी बसली तेव्हापासून दक्षिणेतल्या पलटणींचे घोडे उकडलेल्या कुळथावर पोसले गेले. १८९६ मध्ये तरुण चर्चिल आपल्या पलटणीबरोबर इथे आला, तेव्हा त्या पलटणीने पोलोसाठी पूना लाइट हॉर्सची तट्टं एकगठ्ठा विकत घेतली होती. पुण्याहून इथे आलेली घोडी! त्यांतल्या एखाद्याने ऑक्टोबरात शेपूट घासली असेलच, आणि कुणीतरी मोतद्दार म्हणाला असेलच, “दाणा उष्ण पडला साहेब.”

कुळथात प्रथिनं साधारण २२ टक्के. यावरून काकांच्या सिद्धांताची इंग्रजी शिकलेली धाकटी बहीण जन्माला आली आहे. ती म्हणते, “उष्ण वगैरे जुनं झालं हो, पण प्रोटीन जास्त झालं की अंगावर पुटकुळ्या येतातच.” हे परदेशातले घोडेवालेही म्हणतात, म्हणून ते शास्त्रीय वाटतं. घोड्याच्या शरीराला नको असलेलं प्रथिन कुठे जातं हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, सकाळी तबेल्यात शिरून एक दीर्घ श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर ते प्रथिन लघवीवाटे युरिया होऊन निघालं आणि खालच्या भुशात त्याचा अमोनिया झाला. घोडा पाणी जास्त पितो, मुततो जास्त, आणि तुमचे पैसे त्यात वाहून जातात. जास्तीचं प्रथिन ही उधळपट्टी आहे खरी, पण ती आयाळीच्या मुळाशी साठून बसत नाही.

परंपरेत शहाणपण होतं ते वेगळ्या ठिकाणी. कुळीथ कच्चा देत नसत, रात्री भिजवून सकाळी उकडून देत. कच्च्या कुळथात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, शिजवल्यावर त्यांचा जोर मोडतो. शिवाय कोरडा कुळीथ ही दगडी वस्तू. हे शहाणपण जपायचं सोडून आपण भलताच आरोप जपून ठेवला. सर्दी झाल्यावर कुळथाचं कढण पिऊन बरं वाटतं म्हणून माणसाच्या स्वयंपाकघरात त्याला उष्ण म्हणावं की नाही, या भानगडीत मी पडत नाही. तिथे माझी आई काकांच्या बाजूने आहे.

एवढं म्हटल्यावर मी आहाराला धाब्यावर बसवते आहे असं वाटेल. तसं नाही. आमचे काही तरुण डॉक्टर “खाण्याचा काही संबंधच नाही” असं म्हणून इंजेक्शन टोचून मोकळे होतात, तेही मला पटत नाही. आहाराचा वाटा आहे. तो किती, हे मोजून सांगायला हवं.

ताज्या हिरव्या गवतातली जी थोडीफार चरबी असते, तिच्यात ओमेगा-३ आम्लाचा वाटा मोठा असतो. गवत वाळलं की त्यातलं बरंच जातं. धान्यात आणि मका-सूर्यफुलाच्या तेलात ओमेगा-६ चं राज्य. शहरातल्या घोड्याच्या नशिबी कुरण नाही, वाळलेलं गवत आणि पोत्यातलं धान्य आहे. म्हणजे दाह शांत करायला शरीराला जो कच्चा माल लागतो, त्याचीच त्याच्याकडे टंचाई. ती भरून काढायला स्वस्त आणि आपल्या ओळखीची वस्तू आहे जवस. विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात आणि उत्तर कर्नाटकात ज्याला अगसी म्हणतात, तेच. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक हिस्सा या ओमेगा-३ चा असतो.

याची परीक्षाही झाली आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये मुरकुटांची ॲलर्जी असलेले सहा आइसलँडिक घोडे घेऊन ४२ दिवसांचा प्रयोग प्रसिद्ध केला. कुणाला जवस आणि कुणाला फसवं खाणं मिळतंय हे मोजणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मुरकुटांचा अर्क कातडीत टोचल्यावर उठणारी गांध जवस खाताना लहान झाली. छान. पण नीट वाचा: घोडे सहा, आणि मोजली ती टोचल्याजागची गांध. खाज थांबली असं त्यातून सिद्ध होत नाही. त्याआधी १९९९ मध्ये ओमेगा-३ ची मोठी मात्रा देऊन केलेल्या चाचणीत खाजेत ठोस फरक हाती आला नव्हता. माझ्या हिशेबाने जवसाची लायकी एवढीच: आग लागलेल्या घरात जवस म्हणजे ओलं गोणपाट. उपयोगाचं आहे, पण आग लावणारा बाहेर मोकळा फिरतो आहे.

त्या प्रयोगातली मात्रा मात्र प्रत्येकाने पाठ करावी: घोड्याच्या वजनाच्या दर किलोला सुमारे एक ग्रॅम. पाचशे किलोच्या घोड्याला रोज अर्धा किलो जवस. आता तो परदेशी डबा आठवा, चकचकीत आयाळीचा फोटो असलेला, ज्यातून रोज एक चमचा घालायचा असतो. चमच्यात तीस ग्रॅम आणि त्यातही जवसाबरोबर आणखी डझनभर नावं. प्रयोगाचा दाखला डब्यावर छापायचा आणि मात्रा त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढी घालायची, याला व्यापार म्हणतात. त्या डब्याच्या पैशांत जवसाची पोती येतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. जवस दळून ताजा द्या, नाही तर खवट होतो. भिजवायचा असेल तर कोमट पाण्यात रात्रभर ठेवू नका, त्यात सायनाइड सुटण्याची सोय त्या दाण्यातच असते. एकदम उकळी आणा, म्हणजे ती वाट बंद होते. आणि पहिल्याच दिवशी अर्धा किलो ओतू नका, दोनतीन आठवड्यांत हळूहळू तिथवर पोचा.

डब्यांत बायोटिनही असतं. बायोटिन खुरांसाठी, आणि तिथेही सहा-आठ महिने धीर धरावा लागतो. जस्त, तांबं कमी असेल तर भरून काढावं, कातडीला ते लागतंच. पण कमी आहे हे आधी कळायला नको का? हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय, आडुगोडीला राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्था असलेल्या या शहरात आम्ही घोडेवाले गवताचा नमुना कुठे तपासून घेता येईल हे विचारतसुद्धा नाही आणि डबे विमानाने मागवतो.

खरोखर खाण्याचीच ॲलर्जी असलेला घोडा नसतोच असं नाही. विरळा असतो. त्याला ओळखण्याची रीत कंटाळवाणी आहे. चंदी, गूळ, गाजर, डबे सगळं बंद, फक्त एकाच प्रकारचं गवत, चारसहा आठवडे. खाज गेली तर एकेक वस्तू परत घालायची आणि कुठल्या वस्तूने ती परतते ते पाहायचं. परत घालून पाहण्याची ही पायरी सगळे गाळतात, आणि निकाल तर तीच देते. कुळीथ बंद केल्यावर बरं वाटलं ना? मग जानेवारीत पुन्हा द्या आणि बघा. काका, तुम्ही इतक्या वर्षांत एकदा तरी दिला का? मी दिला. फेब्रुवारीत, रोज एक किलो, उकडून. मैनेने तो चाटूनपुसून खाल्ला आणि शेपूट गोंड्यासकट शाबूत राहिली. (रक्त काढून “याला कशाची ॲलर्जी आहे” ते सांगणाऱ्या चाचण्याही विकल्या जातात. घोड्याच्या खाण्याच्या बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही.)

राहिला लसूण. इथे माझा सूर थोडा चढणार आहे. पाच पाकळ्यांनी पाचशे किलोचा घोडा मरत नाही. मुरकूटही मरत नाही. मग माणूस काय करतो, पाचाच्या दहा करतो, नंतर वाळवलेल्या लसणाची पूड मुठीमुठीने घालतो. त्याच ग्वेल्फ विद्यापीठातून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाळवलेला लसूण मोठ्या प्रमाणात खाणाऱ्या घोड्यांच्या तांबड्या पेशी खराब होऊन त्यांना पंडुरोग झाला. खाज घालवायला निघालो आणि रक्त घालवून बसलो. इथे भाषेचाही एक सापळा आहे. आपल्याकडे ज्या चाऱ्याला लसूणघास म्हणतात त्यात लसूण नावापुरताही नाही, तो घोड्याचा उत्तम चारा आहे. एका नवख्या मालकाने “डॉक्टरांनी लसूण सांगितलाय” म्हणून बाजारातून पाच किलो लसूण आणलेला मी पाहिला आहे. डॉक्टर घास म्हणाले होते.

याहून मोठा धोका सल्ल्यातल्या ‘बंद करा’ या शब्दात आहे. घोड्याला ओकता येत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात जंतूंची वसाहत असते आणि ती रोजच्या चंदीला सरावलेली असते. आज कुळीथ-हरभरा बंद आणि उद्यापासून बादलीभर कोंडा, असा उलटापालट बदल केला की कॉलिक होऊ शकतो, आणि कॉलिकने घोडा जातो. खाजेने जात नाही. चंदीतला कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत, मूठमूठ करत.

गव्हाणीकडे बघायचंच असेल तर काय खातो याच्याबरोबर गवताच्या भाऱ्यात आणखी काय आलंय ते बघा. १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं गाजर गवत आज बेंगळुरूच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर माजलेलं आहे. मेक्सिकोतला भुंगेरा आणून इथल्याच संशोधकांनी १९८० च्या दशकात ते खाऊ घालायचा प्रयत्न केला. भुंगेऱ्याने आपल्या परीने काम केलं, पण गवत पुरून उरलं. या गवताने माणसाच्या कातडीचं काय होतं हे इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. जनावरांनाही तो त्रास होतो. घाणेरी तर त्याहून वाईट. ती पोटात गेली की यकृत बिघडतं आणि मग ऊन लागलेली पांढरी कातडी सोलून निघते. नाकावरचा पट्टा, पायातले पांढरे मोजे, एवढाच भाग लाल झालेला दिसला तर तो मुरकुटांचा उद्योग नाही, ताबडतोब डॉक्टर बोलवा. आमच्याकडे गवतवाल्याच्या भाऱ्यांत दोन्ही सापडलं आहे. साईसाला भारा सोडून झटकून घालायला सांगितलं तर तो म्हणाला, इतका वेळ कुणाला आहे. कोरफडीचा गर काढायला मात्र त्याला वेळ होता, कारण ते काकांनी सांगितलं होतं.

माझा खरा राग तिथेच आहे. आहाराचा उपाय सोपा वाटतो, कारण त्यात आपण काहीतरी देतो. बादलीत हात घातला, घोड्याने खाल्लं, माया केल्यासारखं वाटलं. मुरकुटांचा बंदोबस्त म्हणजे नुसती हमाली. तबेल्याला लागून असलेला लिदीचा ढीग उचलून लांब न्यायचा, कारण ओल्या चिखलात, कुजक्या शेणात त्यांची पिल्लावळ वाढते. पाण्याच्या टाकीखालची रोजची गळती बंद करायची. जक्कूर-येलहंक्याच्या तळ्यांकाठी तबेला असेल तर संध्याकाळी साडेपाचच्या आत घोडा आत घ्यायचा आणि सकाळी ऊन चढल्यावर बाहेर काढायचा. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून मुरकूट आरामात शिरतं, जाळी त्याहून बारीक लागते. डोक्यापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत अंग झाकणारी पातळ झूल मिळते. बेंगळुरूच्या हवेत ती घोड्याला सोसते, मुंबईत घातली तर घोडा उकडून निघेल. परमेथ्रिनचा फवारा चालतो, पण तबेल्यात मांजर असेल तर जपून, ते मांजराला विष आहे. फार चिघळलं तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, तेही जपूनच, कारण त्याने खुरांचा दाह उद्भवू शकतो. झुरिक विद्यापीठात याच खाजेवर लस तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत, दाह वाढवणाऱ्या शरीरातल्याच एका प्रथिनाविरुद्ध. ती इथे येईल तेव्हा येईल.

आणि पंखा. मुरकूट उडण्यात अगदी दुबळं. साधी झुळूक असली तरी त्याला घोड्यावर उतरता येत नाही. मैनेच्या खणात मी भिंतीवरचा मोठा पंखा लावला तो सप्टेंबर तिसरा. चंदीत तेव्हा काहीही बदललेलं नव्हतं, कुळीथ चालूच होता. शेपूट थोडी विरळ झाली, पण केरसुणी झाली नाही. एका घोडीच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. तीच सवलत मी काकांच्या घोड्यांनाही देते आहे.

म्हणून काका, एक पैज. येत्या ऑगस्टच्या अखेरीस, खाज सुरू होण्याआधी, आपल्या क्लबातले खाजवणारे सहा घोडे निवडू. तिघांची चंदी तुम्ही म्हणाल तशी, लसूण सोडून. मुरकुटांविरुद्ध मात्र काही करायचं नाही. तिघांना उकडलेला कुळीथ रोज पोटभर, वर झूल, पंखा आणि साडेपाचला आत. चंदी बदलायची ती दहा दिवसांत, हळूहळू. दर रविवारी शेपटीचा फोटो काढायचा, त्याच कोनातून. कुठल्या तिघांना काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे तुम्ही तुमचा लाडका काळा घोडा सोयीच्या बाजूला ठेवणार नाही आणि मीही मैनेला ठेवणार नाही. दिवाळीला निकाल. कुळथाचा खर्च माझा, पंख्यांचं वीजबिल क्लबाचं. पंख्याची वायर तेवढी घोड्याच्या तोंडाला पोचणार नाही एवढ्या उंचीवरून न्यायला सांगा. आमच्या शेजारच्या खणातल्या पोराने गेल्या वर्षी ती चघळून ठेवली होती, नशिबाने त्या वेळी लाइट गेलेली होती.